खोडद येथील रेडिओ दुर्बिणीची ताणलेली जाळी

पातळ पृष्ठभाग आपला आकार दोन मार्गांनी टिकवितो. काँक्रीटचा घुमट स्वतःच्या वक्रतेच्या व दृढतेच्या बळावर भार पेलतो; ढोलकीचे कातडे मात्र ताणले असतानाच आकार धरते. पहिल्यास कवच व दुसऱ्यास पटल म्हणता येईल. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ या दुर्बिणीत दुसऱ्या मार्गाचा अवलंब केलेला आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली ही दुर्बीण 2001 साली राष्ट्रास अर्पण करण्यात आली.

या दुर्बिणीत 30 अन्वस्ताकार तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. अशी तबकडी भरीव पत्र्याची केली, तर तिचे तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 1,590 चौरस मीटर होते. ताशी 133 किलोमीटर वेगाच्या वादळी वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 80 किलोग्रॅम भाराइतका असतो. म्हणजे एका तबकडीवर शंभराहून अधिक टन जोर येईल. तो पेलणारा सांगाडा व त्यास फिरविणारी यंत्रे तितकीच अवजड व खर्चिक होतील. परंतु येथे ग्रहण करावयाच्या लहरींची लांबी कमीत कमी सुमारे 21 सेंटिमीटर आहे. तिच्या मानाने बारीक भोकांची जाळी आरशाचे काम करू शकते. म्हणून 0.55 मिलिमीटर जाडीच्या गंजरोधक पोलादी तारेची जाळी योजिली. तिची भोके मध्यभागी 10, पुढे 15 व कडेस 20 मिलिमीटरची आहेत. वाऱ्यास अडविणारे क्षेत्र त्यामुळे मध्यभागी सुमारे 11 टक्के व कडेस जेमतेम 5 ते 6 टक्के उरते.

येथे एक मूलभूत अडचण उद्भवते. बाह्य दाब नसलेल्या ताणलेल्या पटलाची वक्रता परस्परांना छेदणाऱ्या दोन दिशांनी विरुद्ध असावी लागते, घोड्याच्या खोगिराप्रमाणे. अन्वस्ताकार वाटीची वक्रता मात्र सर्व दिशांनी एकाच बाजूस असते. अशा वाटीत जाळी नुसती ताणली, तर ती तळापासून उचलली जाऊन सपाट होऊ पाहील. यावर उपाय म्हणजे वाटीचे अनेक सपाट तुकडे पाडणे व त्यांच्या कडा मागील बाजूस ओढून धरणे. हे कार्य पोलादी दोरांच्या कैच्या करतात.

तुकडा किती मोठा असावा, हेही गणिताने ठरते. सपाट तुकडा व खरा वक्र यांतील अंतर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तबकडीच्या मध्याजवळ वक्रतेची त्रिज्या सुमारे 37 मीटर आहे. तेथे 1 मीटरच्या तुकड्यात हे अंतर साडेतीन मिलिमीटरच्या आत राहते, तर 2 मीटरच्या तुकड्यात ते 13 मिलिमीटरांहून अधिक होते. तुकडे लहान केल्यास अचूकता वाढते. परंतु दोर व जोड यांची संख्याही वाढते.

ताण कोठेतरी दाबाच्या रूपाने सोसावा लागतोच. तो भार प्रत्येक तबकडीच्या 16 नळीदार अन्वस्ताकार चौकटी उचलतात. सारांश, या रचनेत दृढता नाहीशी झालेली नाही. ती सबंध पृष्ठभागावरून काढून मोजक्या चौकटींत एकवटली आहे. इतकी मोठी दुर्बीण बेताच्या खर्चात उभी राहण्याचे एक प्रमुख कारण हेच होय.