पॉइंट कामून जळायलाय?

परभणी सोडून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं त्या बुलेटबद्दल तक्रारीला जागाच नसायची. संथ, भरदार ठोका. चढ आला तरी चौथ्या गिअरमध्ये न कुरकुरणारं इंजिन. मग झरीच्या आसपास एखादा ठोका चुकायचा. थोडं पुढे गेलं की दोन-तीन. सायलेन्सरमधून फटाका, एक झटका, आणि गाडी बाभळीच्या सावलीला उभी. अर्धा तास निवली की पुन्हा पहिल्या किकला सुरू.

गाडी आमच्या काकांची. उजव्या पायाने गिअर टाकायची, ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी ३५०. १९५५ साली मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या कंपनीबरोबर भागीदारी केली आणि ही गाडी मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला तयार होऊ लागली. पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, इथला चालू राहिला. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, एकूण ३४६ सीसी. सगळा कारभार एकाच सिलिंडरवर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्यात १५०० ठिणग्या पडाव्या लागतात. दुसरं सिलिंडर असतं तर एखादी चुकलेली ठिणगी त्याने सावरून नेली असती. इथे ठिणगी चुकली की थेट मांडीला कळतं.

मार्चपासून गाडीने तीन गॅरेजं पाहिली होती. पहिल्याने प्लग काढला, तो काळा काजळलेला निघाला. पेट्रोल जास्त जातंय असं ठरलं आणि कार्ब्युरेटरची सुई एक खाच खाली उतरवली गेली. गाडी आणखी बिघडली. दुसऱ्याने टाकीच्या झाकणावर संशय घेतला. संशय रास्त होता. झाकणाचं बारीक भोक धुळीने बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरेनासं होतं. तेव्हाही गाडी अशीच पाच-दहा किलोमीटरवर मरते. पण काकांनी बंद पडल्या जागी झाकण उघडून पाहिलं, फ्लोटची वाटी तपासली. ती काठोकाठ भरलेली होती. तिसऱ्याने पॉइंटचा, म्हणजे उघडमीट होऊन कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, डबा उघडला. पॉइंटची तोंडं जळून काळी पडलेली, एका बाजूला खड्डा, दुसरीवर टेंगूळ. नवा पॉइंट बसवला, फट गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये घेतली. चार दिवस गाडी बरी चालली. मग पुन्हा तेच. आणखी एक नवा पॉइंट, पुन्हा चार दिवस.

शेवटी गाडी वसमत रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेली. गावात त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. त्यांनी जळका पॉइंट तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

"काका, ह्यो पॉइंट बदलून काय होतंय? पॉइंट कामून जळायलाय, ते बघावं लागंल."

मला हे वाक्य या सगळ्या शोधातलं सर्वांत मोलाचं वाटतं. तोवर जळका पॉइंट म्हणजेच बिघाड, असं धरून काम चाललं होतं. उस्तादांनी त्याला बिघाडाची खूण मानलं आणि दोषी दुसरीकडे शोधायला घेतला.

"थंडीत कशी चालायची?"

"थंडीत एकदाही बंद पडली नाही," काका म्हणाले.

परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली, आणि मे महिन्यात पारा ४२च्या वर जायला वेळ लागत नाही. दोन्ही ऋतूंत गाडी तीच, रस्ता तोच. बदलली होती ती फक्त उष्णता. आणि तिन्ही गॅरेजांत गाडी सकाळी गेली होती, रात्रभर निवलेली. प्रत्येक तपासणीत ती निर्दोष सुटली, कारण ती नेमकी निर्दोष असतानाच तपासली जात होती.

उस्तादांनी दुपारी गाडी जिंतूर रस्त्याला घेतली. मी मागे बसलो. गाडी अपेक्षेप्रमाणे मेली. आधी त्यांनी किकवर उभं राहून दाब पाहिला. पिस्टनने वजन तोलून धरलं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि टॅपेट गरम असतानाही ठीक. मग चावी लावून किक हळूहळू खाली नेली आणि अँपिअर मीटरच्या काट्याकडे पाहत राहिले. पॉइंट मिटला की काटा डावीकडे, उघडला की मध्यावर. अर्थ असा की बॅटरीपासून पॉइंटपर्यंत करंट येतोय, आणि कंडेन्सर आतून शॉर्ट झालेला नाही; तसा असता तर पॉइंट उघडूनही काटा मध्यावर आला नसता.

मग ओलं फडकं. कॉइलवर ठेवलं, थांबले, किक मारली, काही नाही. तेच फडकं सिलिंडरच्या मागच्या पॉइंटच्या डब्याला गुंडाळलं. काही मिनिटांनी गाडी सुरू झाली. मी जवळजवळ ओरडलोच, पण उस्ताद मान हलवत होते. एवढ्या वेळात इंजिन आपोआपही निवलं असेल, ह्याला पुरावा म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना अंधार हवा होता.

दिवेलागणीनंतर आम्ही पुन्हा निघालो. गाडी बंद पडली तशी रस्त्याकडेला घेतली. प्लग काढून हेडवर टेकवला, पॉइंटच्या डब्याचं झाकण उघडलं, मी किक मारू लागलो. प्लगला ठिणगी होती, पण बारीक, तांबूस, अशक्त. आणि खाली डब्यात, जिथे जेमतेम दिसेल न दिसेल असा ठिपका पडायला हवा, तिथे निळीपांढरी जाडजूड ज्वाळ उठत होती. प्लगच्या वाट्याची आग पॉइंट खात होता.

उस्तादांनी खिशातून अँबेसिडरचा एक कंडेन्सर काढला. त्याचा धातूचा डबा इंजिनला दाबून धरला, वायर पॉइंटच्या स्क्रूला टेकवली. "मारा."

डब्यातली ज्वाळ गेली. वर प्लगवर टच्च आवाजाची निळी ठिणगी उडाली. वायर उचलली, ज्वाळ परत. टेकवली, गेली. इंजिन तेवढंच तापलेलं, दोन किकांमधलं अंतर काही सेकंदांचं. आता निवण्याची सबब उरली नव्हती.

कंडेन्सर करतो काय? शेतातल्या भरधाव पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाणी थांबायला तयार नसतं, धक्का मारतं. कॉइलमधला करंटही तसाच. पॉइंट उघडला की तो फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्या क्षणी तो धक्का पोटात घेतो, कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळतं आणि त्यातूनच प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. प्रकाशाचा वेग दातेरी चाकाने मोजणारे फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८५३ साली प्रयोगशाळेतल्या इंडक्शन कॉइलला कंडेन्सर जोडून तिची ठिणगी बळकट केली. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची व्यवस्था मोटारीत रुळवली. जिंतूर रस्त्यावर अंधारात उस्तादांच्या हातात होती ती तीच कल्पना, अंगठ्याएवढ्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी जुना कंडेन्सर त्यांनी कापून उघडला. आत पातळ पत्र्याची गुंडाळी, आणि टोकाला वायर जिथे दाबून बसवलेली असते तिथे काळा डाग. थंड असताना ती जोडणी टेकायची. इंजिनच्या आंचेने तापली की सुटायची. वर्षानुवर्षे तापून-निवून म्हाताऱ्या झालेल्या त्या भागाचा त्यात काही गुन्हा नाही. प्लग काजळला होता तोही अशक्त ठिणगीमुळे. पेट्रोलवर विनाकारण आळ आला होता.

नवा कंडेन्सर डब्यात न बसवता इंजिनपासून दूर, वारा लागेल असा फ्रेमला बसवला आणि लांब वायर ओढली. पॉइंट नवा, सुई मूळच्या खाचेत. भर दुपारी काका झरी, बोरी ओलांडून जिंतूरला आणि तिथून येलदरी धरणावर जाऊन आले. गाडी कुठेच अडखळली नाही.

त्याच सुमारास उस्तादांकडे एक राजदूत आली. लक्षण हुबेहूब: थोडं चाललं की बंद, थांबलं की चालू. मी कंडेन्सरचं नाव काढलं. त्यांनी ऐकून घेतलं, गाडी बंद पडेपर्यंत स्वतः चालवली आणि तिथेच टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा सूंऽ आवाज स्पष्ट आला. झाकणाच्या भोकात काळी माती घट्ट बसली होती. बारीक तारेने ती काढली, आणि मालक गाडी घेऊन मानवतला गेला.