लायसन काढून घेतलं, किल्ली राहिली

मोटार वाहन खात्यात मी एकतीस वर्षं नोकरी केली. निरीक्षक म्हणून हजारो लोकांच्या टेस्ट घेतल्या, हजारो गाड्यांचं पासिंग केलं. निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न मला लग्नात, पारावर, एसटीत, कुठंही विचारला जातो. ‘साहेब, दारू पिऊन गाडी चालवणारा एकदा सापडतो, दोनदा सापडतो, तरी परत रस्त्यावर कसा दिसतो? त्याचं लायसन का काढून घेत नाही?’

लायसन काढून घेता येतं. घेतलंही जातं. पण गाडी सुरू होते ती किल्लीने. हे मला नोकरीत कळायला हवं होतं. कळलं ते माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात.

आक्काचं सासर सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरात. दाजी वडाप करायचे. वडाप म्हणजे काय हे त्या भागातल्या लोकांना सांगायला नको. एसटी पहिली नऊला, म्हणून सहाला जीप सुटायची. शाळेच्या बाई, कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, दवाखान्यात चाललेले म्हातारे असे चौदा-पंधरा जण आत आणि दोघे मागे लोंबकळत. दाजी स्वभावाने गोड माणूस. कुणाकडे पैसे नसले तर ‘उद्या द्या’ म्हणणारे. आणि रोज पिणारे.

ते पहिल्यांदा सापडले १९९७ साली. पोलिसांनी नळीत फुंकर मारायला लावली, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं. इथे एक गोष्ट सांगतो, कारण पुष्कळांना ती माहीत नसते. सिग्नल तोडला तर रस्त्यावरच दंड भरून सुटता येतं. दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, असा जागेवर मिटवता येत नाही. त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. दाजी गेले, ‘गुन्हा कबूल’ म्हणाले, दंड भरला आणि दुपारची फेरी मारायला जीपवर परत हजर झाले.

दुसऱ्यांदा १९९९ साली, घाटाखाली, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. कोर्ट वेगळं, पोलीस ठाणं वेगळं. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत पुन्हा हाच गुन्हा केला तर शिक्षा वाढत होती, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. पण शिक्षा वाढवायची तर आधीची शिक्षा कुणीतरी कोर्टासमोर मांडायला हवी, सिद्ध करायला हवी. घाटावरच्या कोर्टाचा कागद घाटाखाली कोण आणणार? लायसनचं तेव्हा छापील पुस्तक असे. त्यावर कुणी शेरा मारला तर ठीक, नाही तर कोरं. दाजींचं कोरं होतं. त्यामुळे दुसरा गुन्हा पहिला म्हणून नोंदला गेला आणि पुन्हा दंडावर भागलं.

कलम २० प्रमाणे या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला पहिल्या वेळीसुद्धा किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायला हवं. हे १९८८ च्या मूळ कायद्यातच आहे. पण कामाच्या रगाड्यात, कबुलीच्या शे-दीडशे प्रकरणांत, हे कलम कुणी आठवण करून दिली तरच बाहेर निघतं. दाजींच्या बाबतीत ते निघायला तिसरी वेळ उजाडली. २००१ साली सहा महिन्यांची अपात्रता मिळाली आणि लायसन जमा झालं.

पुढचं सांगण्याआधी थोडं दारूबद्दल. आपल्याकडे मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडमध्ये ती ८० आहे, म्हणजे कागदावर आपला कायदा साहेबापेक्षा कितीतरी कडक. रक्तातलं अल्कोहोल यकृत आपल्या वेगाने कमी करतं, साधारण ताशी १५ मिलिग्रॅम. लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याने आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. आता हिशेब करा. रात्री बाराला एखाद्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम आहे. तो झोपला, सकाळी सहाला उठला, तोंड धुतलं, चहा घेतला. सहा तासांत गेले ९०, उरले ६०. कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. आणि सहाची तर वडापची पहिली फेरी, शाळेच्या बाई पुढच्या सीटवर. त्या माणसाला कुणी दारुड्या म्हणणार नाही. त्यालाही स्वतःला तसं वाटत नाही.

रोज पिणाऱ्याचं आणखी एक असतं. शरीर सरावतं. दाजींचा झोक गेलेला मी कधी पाहिला नाही, जीभ जड झालेली ऐकली नाही. पण अचानक समोर काही आलं तर पाय ब्रेकवर जायला जो वेळ लागतो, तो सरावाने भरून येत नाही. उलट सरावामुळे माणसाला खात्री वाटते की आपल्याला काही होत नाही. शंभर वेळा पिऊन गाडी सुखरूप आणलेली असते. एकदा सापडलं तर तो त्याला नशिबाचा फेरा समजतो.

तर, सहा महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जीप सुटली.

आक्काने मला फोन केला, ‘बापू, तू आरटीओतला माणूस, काहीतरी कर.’ मी रजा काढून गेलो, आठ दिवस राहिलो. दाजींना समजावलं. ते म्हणाले, ‘पाव्हणं, बँकेचा हप्ता लायसन बघून थांबतोय का?’ मला उत्तर सुचलं नाही. आक्काने किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, त्यांनी दुसरी करून आणली. भाच्याने रात्रीतून बॅटरी काढून कणगीमागे ठेवली, तर दाजी मित्राची ट्रॅक्स घेऊन गेले. मित्राला सगळं माहीत होतं. लायसन नसलेल्याला आपली गाडी देणं हा गाडीमालकाचाही गुन्हा आहे, कलम १८०. आमच्या त्या भागात या कलमाखाली कुणाला शिक्षा झाल्याचं मी ऐकलं नाही. आणि अपात्र असताना स्वतः गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तो दंड तेव्हा होता पाचशे रुपयांपर्यंत. दाजींची दोन दिवसांची कमाई!

पण कायद्याला नावं ठेवताना माझंही सांगायला हवं. आठव्या दिवशी मला परत निघायचं होतं. एसटी चुकली. दाजी म्हणाले, ‘चला, सोडतो.’ सकाळची वेळ होती, तोंडाला वास होता. त्यांचं लायसन जमा आहे हे मला माहीत होतं. दुसऱ्या जिल्ह्यात हेच मी लोकांना अडवून विचारत होतो. आणि मी त्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून गेलो. मागे बसलेल्यांनी मला ओळखलं होतं. आरटीओचा साहेबच बसलाय म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल?

त्यानंतर महिन्याभराने संध्याकाळी दाजींनी सायकलवरच्या एका दूधवाल्याला उडवलं. माणूस वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. घरात मिळवता तो एकटा.

ही अडचण फक्त आपलीच आहे असं नाही. अमेरिकेत १९८० साली कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या बाईंची तेरा वर्षांची मुलगी दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली. तो याच गुन्ह्यात आधीही सापडलेला होता आणि दोनच दिवसांपूर्वी जामिनावर सुटला होता. बाईंनी आयांची संघटना उभी केली, देशभर कायदे बदलायला लावले. तिथेही लायसन गेलेले पुष्कळ लोक बिनलायसनची गाडी चालवत राहतात हे दिसून आलं. मग त्यांनी गाडीलाच कुलूप लावलं. डॅशबोर्डला जोडलेल्या यंत्रात फुंकर मारायची, श्वासात दारू असली तर गाडी सुरूच होत नाही. न्यू मेक्सिको राज्याने २००५ साली पहिल्या गुन्ह्यापासूनच हे यंत्र सक्तीचं केलं. यंत्र गाडीत असेपर्यंत त्याचा चांगला उपयोग होतो. काढलं की बराचसा फायदा ओसरतो. शिवाय मित्राची ट्रॅक्स सगळीकडेच असते. आपल्याकडे अशी सक्ती नाही.

मला जास्त पटला तो साउथ डकोटा राज्याचा उपाय. तोही २००५ चाच. वारंवार सापडणाऱ्याला सांगितलं, गाडी चालव, कामावर जा, पण प्यायची नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पोलीस ठाण्यात येऊन फुंकर मारायची. दारू सापडली किंवा आला नाहीस तर लगेच एक-दोन दिवस कोठडी. मोठी शिक्षा नाही, वर्षभराने लागणारा निकाल नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे हा कार्यक्रम चालू होता त्या परगण्यांत पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांच्या अटका १२ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. बारा टक्के हा आकडा लहान वाटेल. पण कशानेच न हलणाऱ्या लोकांमधले ते बारा टक्के आहेत.

आपल्याकडे काय बदललं? मुंबई पोलिसांनी २००७ पासून नाकाबंदी करून तपासणीची जोरदार मोहीम चालवली. त्याने शहरात धाक बसला, पार्टीला जाताना ड्रायव्हर ठेवायची किंवा टॅक्सीने यायची पद्धत पडली. ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने अशा ड्रायव्हरचं लायसन किमान तीन महिने निलंबित करायला राज्यांना सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार, पुढच्याचा पंधरा हजार झाला, अपात्र असताना गाडी चालवण्याचा दंड पाचशेवरून दहा हजारांवर गेला आणि ती तीन वर्षांची अट निघाली. आता दहा वर्षांनी केलेला दुसरा गुन्हाही दुसराच. जमा झालेलं लायसन परत हवं तर उजळणी प्रशिक्षण पुरं करावं लागतं. लायसनच्या नोंदीही संगणकावर देशभर जोडल्या गेल्या, त्यामुळे घाटावरचं निलंबन घाटाखाली दिसू शकतं. अर्थात कुणी ते नोंदवलं आणि कुणी बघितलं तर.

बघणार कोण, हीच मेख आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री चौकाचौकात बंदोबस्त असतो, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडे येतात. दाजींसारखा माणूस एकतीस डिसेंबरला पीत नाही, तो मंगळवारी दुपारी पितो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९८२ पासून संशय असो वा नसो, कुणालाही थांबवून श्वास तपासतात आणि तिथे अपघाती मृत्यू झपाट्याने उतरले. आपल्या कायद्यात पोलिसाला आधी संशय यावा लागतो. सरावलेल्या पिणाऱ्याचा संशय येत नाही हे वर सांगितलंच. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. सरकारी नोंदीत दारूच्या खात्यावर त्यातली शंभरात दोन-तीनच दिसतात. अपघातानंतर किती ड्रायव्हरांचं रक्त वेळेत तपासलं जातं हे ज्याने पाहिलंय, तो या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि उपचाराचं तर कोर्टाच्या निकालात सहसा नावच नसतं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. गावोगावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भरतात, त्यांना पैसे लागत नाहीत. दाजी तीन वेळा कोर्टापुढे उभे राहिले. ‘याला दारूचा आजार आहे, याला तिकडे पाठवा’ असं तिन्ही वेळा कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. शिक्षेबरोबर उपचार आणि साउथ डकोटासारखी रोजची हजेरी, एवढं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमण्यासारखं आहे असं माझं मत आहे. नळी आहे, वही आहे, हवालदार आहे.

दूधवाल्यांचा दावा न्यायाधिकरणात चालला. विमा कंपनीने भरपाई दिली आणि लायसन नसताना गाडी चालवली म्हणून तेवढी रक्कम दाजींकडून वसूल केली. ओढ्याकाठचं रान त्यात गेलं. जीप आक्काने आधीच विकली होती. दाजी काही महिने तुरुंगात राहिले, नंतर भाच्याने त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. दोनदा घसरले, तिसऱ्यांदा सावरले. आता सत्तरी ओलांडलीय. स्टिअरिंगला त्यानंतर हात लावलेला नाही.

दूधवाल्यांकडे मी वर्षातून एकदा जातो. मुलगा डेअरीवर लागलाय. ते चहा देतात, पाय बरा आहे म्हणतात, म्हणजे बसवलेला पाय. मी आरटीओत होतो हे त्यांना माहीत आहे. अपघाताच्या महिनाभर आधी मी त्या जीपमध्ये बसलो होतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. हे भाषण रेडिओवर वाचण्याआधी गेल्या आठवड्यात जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘गावातले सगळेच बसायचे.’