पनवेलच्या उकाड्यात हरितगृह: हवा कोंडू नका

हरितगृह म्हणजे चहूबाजूंनी बंद, हे चित्र थंड देशांतून आलं. तिथे ऊब धरून ठेवायची असते. पनवेलची थंडी भाजीपाल्याला सहज सोसते. इथे गच्चीवर हरितगृह लागतं ते कडक ऊन, मुसळधार पाऊस आणि किडी अडवायला. बंद केलं, तर मे महिन्यात आतली रोपं उकडून निघतील.

‘काच किंवा प्लास्टिक उष्णतेचे किरण अडकवतं, म्हणून आत तापतं’ हा समजही अर्धवट आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन खोकी उन्हात ठेवली. एकावर काच, दुसऱ्यावर सैंधवाची पारदर्शक चकती. सैंधवातून उष्णतेचे अदृश्य किरण आरपार जातात, काचेतून जात नाहीत. तरी दोन्ही खोकी सुमारे ५५ अंशांपर्यंत तापली आणि फरक पडला जेमतेम एका अंशाचा! तापमान चढतं ते मुख्यतः गरम हवेला निसटायला वाट नसते म्हणून.

ती वाट वरून द्या, कारण गरम हवा वर चढते. आढ्याला झडप हवी आणि खाली बाजूंना खिडक्या. सगळी मिळून उघडी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान १५ ते २० टक्के असावी. दहा बाय दहा फुटांच्या हरितगृहाला १५ ते २० चौरस फूट. कीटकरोधक जाळी हवा अडवते, म्हणून जाळी लावल्यास खिडक्या आणखी मोठ्या घ्या.

‘पाणी फवारलं की गारवा येतो.’ नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये येतो. पनवेलला जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर कितीही फवारलं तरी दीड अंशाहून जास्त उतार मिळत नाही. वर पानं ओली राहतात ती वेगळीच. त्यापेक्षा उन्हाळ्यात ५० टक्क्यांचं शेडनेट छपराच्या वर, थोडं अंतर सोडून ताणा. ऊन आत शिरण्याआधीच अडतं. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली मात्र टोमॅटो, मिरची लांबुडकी होऊन फळ कमी धरतात.

पावसाळ्यात सगळं बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. दमट, स्थिर हवेत बुरशी झपाट्याने पसरते. झड बहुतेक नैऋत्येकडून येते, तेव्हा आढ्याची झडप पूर्वेला उघडणारी ठेवा, पाणी सकाळीच घाला. आणि मेमध्ये तीच गरम हवा घुसळत राहणारा टेबलफॅन आता खरंच उपयोगी आहे: रात्री मंद चालू ठेवला, तर पानं लवकर सुकतात.