कोळशाची मालगाडी आणि विहिरीवरील पंप

रब्बीच्या ऐन हंगामांत वीज गेली म्हणजे शेतकरी गांवच्या वायरमनकडे पाहतो व फार तर तालुक्याच्या कचेरीपर्यंत तक्रार नेतो. तार तुटली असेल किंवा रोहित्र जळालें असेल, तर ती तक्रार योग्य जागीं पोंचते. परंतु सबंध प्रांताच्या विजेचे तास जेव्हां एकदम कमी होतात, तेव्हां त्याचें कारण गांवांत शोधून सांपडत नाहीं. तें पुष्कळदां खाण व वीजकेंद्र यांमधील लोहमार्गावर असतें. तें कसें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

महाराष्ट्रांत दगडी कोळसा निघतो तो नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत. तेथील बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रें या खाणींच्या आसपास आहेत. परंतु पारस, भुसावळ व नाशिकजवळील एकलहरें येथें कोळसा दुरून आणावा लागतो. शिवाय छत्तीसगड, ओडिशा व तेलंगण येथील खाणींतूनही आपल्या केंद्रांस कोळसा येतो. हा प्रवास मुख्यत्वें आगगाडीचा. हिंदुस्थानच्या रेल्वेवर वजनाच्या हिशेबानें जो माल वाहिला जातो, त्यांत जवळजवळ निम्मा कोळसाच असतो.

कोळशाच्या वाघिणी उघड्या, उंच कडांच्या असतात. अशा सुमारें ५८ वाघिणींचा एक संच होतो. त्यास रेक म्हणतात. एका रेकांत साडेतीन ते चार हजार टन कोळसा मावतो. हा आंकडा आपल्या हिशेबांत बसवून पाहूं. पांच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला म्हणजे सुमारें ३० ते ३५ युनिट वीज खातो. कोळशापासून एक युनिट वीज करण्यास ढोबळ मानानें ७०० ते ७५० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका पंपाच्या एका दिवसामागें सुमारें २५ किलो कोळसा झाला. तारांतील गळती धरल्यास त्याहून अधिक. एक रेक वेळेवर न आला, तर दीड लाख पंपांचें एका दिवसाचें पाणी अडतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. चंद्रपूरचें केंद्र २,९२० मेगावॉटचें आहे. तें पूर्ण भारानें चालल्यास त्यास दररोज दहांहून अधिक रेकांइतका कोळसा लागतो.

रेक केंद्रांत पोंचला म्हणजे काम संपलें असें नाहीं. टिपलर नांवाचें यंत्र एकेक वाघीण धरून कलथी करतें, कोळसा खालच्या खड्ड्यांत पडतो, आणि तेथून पट्ट्यावरून तो चुऱ्याच्या गिरणीकडे किंवा साठ्याच्या ढिगाकडे जातो. पावसाळ्यांत ओला कोळसा वाघिणीस चिकटतो व काम रखडतें. ठरलेल्या वेळेपेक्षां गाडी अधिक थांबली कीं रेल्वे डेमरेज आकारते. परंतु दंडापेक्षां मोठें नुकसान निराळेंच आहे: येथें अडकलेला रेक खाणीवर उशिरा परततो, आणि तेथें कोळसा तयार असूनही गाडीवांचून पडून राहतो. ऊंसतोडीच्या दिवसांत कारखान्याच्या दारांत गाड्यांची रांग लागली म्हणजे फडांत तोडलेला ऊंस वाळतो. तसाच हा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्याकडील कोळशांत राख पुष्कळ, साधारणतः तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे दर तीन वाघिणींपैकीं एक वाघीण राखच वाहते. कोळसा हलका आला तर तेवढ्याच विजेसाठीं अधिक गाड्या लागतात.

आतां साठ्याकडे वळूं. वीज मोठ्या प्रमाणावर सांठविणें अद्याप महागाचें आहे. कोळसा मात्र ढीग करून ठेवतां येतो. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें २०२१ सालीं नियम केला कीं, खाणीजवळच्या केंद्रांनीं १२ ते १७ व दूरच्या केंद्रांनीं २० ते २६ दिवसांचा साठा ठेवावा. शेतकऱ्यास हा नियम परका नाहीं. वैरणीची गंज पावसापूर्वींच रचावी लागते. पावसाळ्यांत उघड्या खाणींत पाणी भरतें, उत्पादन घटतें, आणि आश्विनाच्या सुमारास ढीग सर्वांत लहान असतो. नेमक्या त्याच वेळीं रब्बीचे पंप सुरू होतात.

ऑक्टोबर २०२१ मध्यें हेंच घडलें. मागणी वाढलेली, खाणींच्या मुलखांत सप्टेंबरचा मुसळधार पाऊस, आणि परदेशी कोळसा अतिशय महाग. त्यामुळें देशांतील कित्येक केंद्रांत चार दिवसांहूनही कमी साठा राहिला. पुढें एप्रिल २०२२ मधील कडक उन्हाळ्यांत कोळशाच्या गाड्यांस वाट देण्यासाठीं रेल्वेला उतारूंच्या गाड्या रद्द कराव्या लागल्या. खताच्या वाघिणी बंद छपराच्या असतात व कोळशाच्या उघड्या. तरी रूळ व इंजिनें दोघांसही एकच. म्हणून लोहमार्गावरील गर्दीचा संबंध आपल्या पंपाशीं आहे, तसा युरियाच्या गोणीशींही आहे.

२०१७ पासून राज्यांत सौर कृषि वाहिन्यांची योजना सुरू आहे व तिच्यामुळें दिवसां वीज मिळण्याची सोय वाढत आहे. ती स्वागतार्हच होय. परंतु सूर्य मावळल्यावर विजेचा मोठा भार अजून कोळशावरच आहे.

मग शेतकऱ्यानें काय करावें? प्रत्येक केंद्रांतील साठ्याचा आंकडा प्राधिकरण दररोज प्रसिद्ध करतें. गांवोगांवच्या शेतकरी संस्थांनीं भाद्रपद-आश्विनांत तो पाहून फलकावर लिहावा. साठा खालावत असेल, तर पाण्याचा मोठा भाग एकाच आठवड्यावर ढकलूं नये, शेततळीं वेळींच भरून घ्यावींत, आणि हरभरा-करडईसारख्या थोड्या पाण्याच्या पिकांस क्षेत्र राखावें. तसेंच प्रतिनिधींस विचारावें, तें वीज गेल्यावर नव्हे, तर ज्येष्ठांत: पावसापूर्वीं कोळशाची गंज रचली आहे कीं नाहीं? वेळेवर विचारलेल्या या प्रश्नानें जें साधेल, तें गव्हाच्या ओंब्या सुकूं लागल्यावर केलेल्या शंभर अर्जांनीं साधणार नाहीं.