मार्टमध्ये चोरीचा आळ आला तर सही करण्याआधी हे वाचा

वाण्याच्या दुकानात वस्तू मागून घ्यायची असते. मार्टमध्ये ती आपणच उचलतो. त्यामुळे एखादी वस्तू पिशवीत राहून बिल करायचे राहिले, की दारावरचा रक्षक अडवतो आणि आतल्या खोलीत नेऊन ‘लिहून दे, सोडतो’ म्हणतो. शहापूर-मुरबाडमधल्या आपल्या मुलामुलींनी नेमके इथेच थांबावे. पोलिसांना दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, दुकानदाराला लिहून दिलेली मात्र वापरली जाऊ शकते. चोरी ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो. विसरणे म्हणजे चोरी नव्हे. पण तुमच्याच हस्ताक्षरात ‘चोरली’ असेल तर पुढे हे कोणाला पटवणार?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम 303(2) खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र माल 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. मग वॉरंटशिवाय अटक नाही आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही नाही. अशा प्रकरणात पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा होते. म्हणून किमतीचा आकडा महत्त्वाचा. तो फुगवलेला नाही ना, हे बिलावरून तपासा.

कलमही वाचा. माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरी म्हणून 305 लावले, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि 5,000 ची सवलत राहत नाही. भिवंडी-पडघ्याच्या गोदामांत कामाला जाणाऱ्यांनी 306 लक्षात ठेवावे : नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी, तिथेही सात वर्षे. ही कलमे दिसली की त्याच दिवशी वकील गाठा. पोलिसांची नोटीस आली, तर हजर राहा. टाळणे अटकेला निमित्त देते.

दुकानदाराला कोंडून ठेवण्याचा, मारण्याचा अधिकार नाही. कायद्याने खासगी व्यक्तीला पकडता येते तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावे लागते. मुलीची झडती स्त्रीनेच घ्यायची. अठराखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते.

ऑगस्ट 2023 मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या नुसत्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले. आपल्या पोरांवरचा संशय किती लवकर शिक्षेत बदलतो, हे वेगळे सांगायला नको. मारहाण झाली असेल तर आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून नोंद घ्या. चारचौघांत जातीवरून अपमान झाला असेल तर अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार स्वतंत्रपणे द्या.

न्यायालयात ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, कधी आपलेच नातेवाईक. कबुली म्हणजे दोषसिद्धी. उद्या पोलीस भरतीला किंवा कंपनीच्या चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका.

फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना हा दर्जा 1990 पासून आहे. जातीचा दाखला जवळ ठेवा. अर्ज शहापूर किंवा मुरबाडच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. रात्री-अपरात्री पोरगा ठाण्यात असेल, तर 15100 वर फोन लावा.