शेतातला कापूस, जगाचा भाव

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी परिसरात वेचलेल्या कापसाचा भाव केवळ गावच्या काट्यावर ठरत नाही. तो या टप्प्यांतून घडतो :

● जिनिंग : एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. रुईची गाठ 170 किलोची, सौदा मात्र 355.62 किलोच्या खंडीवर.

● ओलावा : भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव. त्यापुढे कपात, 12 टक्क्यांपुढे खरेदी नाही. म्हणून गाडीतल्या ढिगात मीटर खुपसताच शेतकऱ्याची नजर आकड्यावर खिळते.

● प्रयोगशाळा : एचव्हीआय यंत्र तंतूची लांबी, ताकद आणि मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा) मोजते. परदेशातली गिरणी माल न पाहता या आकड्यांवर सौदा करते.

● तार ते स्क्रीन : 1870 मध्ये मुंबई समुद्रतारेने लंडनशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचे कापूसभाव काही तासांत कळू लागले. आज न्यूयॉर्कचा वायदा, सेंट प्रति पौंड, व्यापाऱ्याच्या मोबाइलवर दिसतो.

● रस्ता आणि बंदर : जालन्यातून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. निर्यातीचे कंटेनर 1989 पासून सुरू असलेल्या न्हावा-शेवा बंदरातून जातात.

● उलटी वाट : ज्या बंदरातून गाठी जातात, तिथूनच येतातही. केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले. गिरण्यांना दिलासा, शेतकऱ्याला स्पर्धा.