सुनावणी झाली, पण ऐकले कुणी?

अमेरिकेत प्रदूषणाचे कायदे केंद्र सरकार करते; पण कारखान्याला परवाना बहुतेक ठिकाणी राज्याचे खाते देते. परवान्यापूर्वी लोकांना नोटीस द्यावी, त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी केंद्राची अपेक्षा असते. शिवाय केंद्राचा पैसा घेणाऱ्या खात्याने वंश, वर्ण पाहून भेदभाव करू नये, असे १९६४ चा नागरी हक्क कायदा सांगतो. कागदावर सारे चोख आहे. प्रत्यक्षात काय होते?

मिशिगन राज्यातील फ्लिंट हे मोटार कामगारांचे शहर. तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी. शहरालगत टाकाऊ लाकूड जाळून वीज करणारा जेनेसी प्रकल्प येणार होता. १९९२ साली त्याची सुनावणी झाली ती दूर राजधानीत, लान्सिंगला. १९९४ साली ती जवळ घेतली, तर तेथे गणवेशातील सशस्त्र पहारा ठेवला! आपल्या मुलाबाळांच्या श्वासाविषयी बोलायला आलेली माणसे काय गुन्हेगार होती?

प्रकल्प उभा राहिला. १९९२ मध्येच केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे तक्रार गेली होती. जानेवारी २०१७ मध्ये निष्कर्ष आला की, या प्रक्रियेत कृष्णवर्णीयांना भेदभावाची वागणूक मिळाली. सत्य मान्य व्हायला चोवीस वर्षे लागली! म्हणजे राज्य चुकले आणि केंद्रही झोपले.

राज्यांच्या अडचणी आम्ही नाकारीत नाही. कर्मचारी अपुरे, दुभाष्याला पैसे नाहीत, उद्योगांना परवान्याची घाई. तांत्रिक अहवाल सोप्या भाषेत सांगणारा माणूस सहज मिळत नाही. पण पहाऱ्याला माणसे मिळतात, तर समजावून सांगायला का मिळू नयेत? कामाच्या वेळेत सुनावणी ठेवली, तर रोजंदारीचा माणूस येणार कसा?

गरीब व अल्पसंख्य वस्त्यांवरील प्रदूषणाचा विचार करण्यासाठी १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेला आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. १९६४ चा कायदा मात्र कायम आहे. आदेश एका सहीने जातो, कायदा तसा जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडेही केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. तीस दिवस आधी नोटीस आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळणे, हा आपला हक्क आहे. तो मागून घ्या, वाचा, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. न बोलणाऱ्यांची संमतीच गृहीत धरली जाते.